गिरणीचा नंबर

सोमवार, २७ ऑक्टोबर

आज कर्जतला जाऊन बटनांचा फोन घेतला. दुकानदार मेहताब ओळखीचा. म्हणाला, "काका, लोक बटनांचा देऊन टचचा नेतात, तुमचं उलटं कसं?" मी म्हणालो, डोळे दुखतात, डॉक्टरने सांगितलंय. कोणत्या डॉक्टरने ते त्याने विचारलं नाही. बरं झालं, कारण मी ते ठरवलेलंच नव्हतं.

जुन्या मोबाईलमध्ये दोन सिम होती. माझ्या नावाचं काढून या डबड्यात घातलं. दुसरं सिम, ज्याला गावात सगळे 'गिरणीचा नंबर' म्हणतात, ते जुन्या मोबाईलमध्येच राहू दिलं आणि मोबाईल बंद करून ज्वारीच्या पोत्यात खुपसला. बायकोने, पुष्पाने, विचारलं, "डोळं कवापासून दुखाय लागलं?" मी म्हणालो, शनिवारपासून. ती परातीतलं पीठ मळायला लागली.

ही डायरी बियाण्याच्या दुकानवाल्याने दोन वर्षांपूर्वी दिलेली. कोरीच होती. छापलेल्या तारखा खोडून लिहितोय. दुपारी बाराला गिरणीची लाईट जाते ती तीनला येते. त्या तीन तासांत मी मोबाईल बघायचो. आज बोटं नुसती मांडीवर फिरत होती. कोणाला तरी सांगावंसं वाटतं, आणि माणसांची तर भीती वाटते.

बाहेर मोटारसायकल थांबली की मी आधी दाराआडून बघतो. आज चार थांबल्या. चौघंही दळण घेऊन आले होते.

मंगळवार, २८ ऑक्टोबर

लिहूनच टाकतो.

शुक्रवारी, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी मी गिरणीच्या ओट्यावर बसलो होतो. समोर पाण्याच्या टाकीजवळ एक अनोळखी माणूस गाडी लावून उभा राहिला. पँट-शर्ट, खांद्याला कापडात बांधलेलं जड बोचकं. टाकीखाली पोरं खेळत होती, त्यांना विचारायला लागला. तुझं नाव काय, बापाचं काय, आजोबांचं काय, भावंडं किती. आणि लिहून घ्यायला लागला.

गिरणीच्या नंबरवर गावाचा व्हॉट्सॲप ग्रुप होता, त्यावर आठ दिवस मुलं पळवणाऱ्या टोळीचे मेसेज फिरत होते. मी बसल्या जागेवरून फोटो काढला आणि लिहिलं, 'हा माणूस आपल्या भागात लहान मुलांची नावे लिहून घेत फिरत आहे. टोळीचा असावा. सावध राहा. पुढे पाठवा.' 'असावा' लिहिलं होतं. 'आहे' असं लिहिलं नव्हतं. हे मी स्वतःला रोज सांगतो.

पंधरा मिनिटांत अंगठ्यांची रांग लागली. आमचा पोलीस पाटील वैजनाथ, त्याने तर 'अण्णांची नजर' असं टाकलं. मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, फारच बरं वाटलं. छप्पन्न वर्षांत गावाने माझं एवढं कौतुक कधी केलं नव्हतं. मी पीठ चांगलं बारीक दळतो यापलीकडे माझ्याविषयी कोणी कधी काही बोललेलं नाही.

शनिवारी तो माणूस पलीकडच्या तालुक्यातल्या एका बाजाराच्या गावी गेला. माझा फोटो त्याच्याआधी तिथे पोचला होता. त्याला विजेच्या खांबाला बांधून मारलं. त्याचा व्हिडिओ फिरत फिरत माझ्याच मोबाईलवर आला. मी सगळा बघितला नाही. एकजण त्या माणसाच्या तोंडाशेजारी मोबाईल धरून फोटो जुळवत होता, तिथपर्यंत बघितला. त्या फोटोत मागे आमची पाण्याची टाकी दिसत होती. मी तसाच उठून टाकीपाशी गेलो. टाकीवर गावाचं नाव कुठे रंगवलेलं नाही ना, ते चारी बाजूंनी फिरून बघून आलो. नाही.

मग ग्रुपवरचा मेसेज सगळ्यांसाठी पुसला. पुसला की संपलं असं मला वाटत होतं. तो फक्त आमच्या ग्रुपवरून गेला. पुढे कुठे कुठे गेलाय ते कोण पुसणार?

माणूस नगरला सिव्हिलमध्ये आहे. शुद्धीवर आलाय असं पेपरात आहे.

गुरुवार, ३० ऑक्टोबर

आज एक चांगलं काम केलं.

वाल्मिक आणि त्याची बायको रंगुबाई सकाळी कारखान्यावर निघाले. वाल्मिक उन्हाळा-पावसाळा माझ्याकडे पोती उचलतो, दिवाळी झाली की नवरा-बायको ऊसतोडीला जातात. पोरगी पाचवीत आहे, ती आजीपाशी राहते. रंगुबाई दळण न्यायला आली तेव्हा रडवेली झाली होती. पोरीचं तोंड आता चैतातच दिसणार म्हणाली. माझ्या मनात आलं, मोबाईल पोत्यात पडून आहे, त्यापेक्षा यांच्या कामाला येईल. मी काढून तिच्या हातात दिला. शाळेतल्या बाईंच्या फोनवर व्हिडिओ लावायचा, पोरगी रोज दिसेल, असं सगळं समजावून सांगितलं. ग्रुप वगैरे मी आधीच काढून टाकले होते.

रंगुबाईने पदराने मोबाईल पुसला. "अण्णा, परत कवा द्याचा?"

"द्यायचा नाही. ठेवा तुम्हाला."

वाल्मिक म्हणाला, "ह्यातलं सिम?"

"ते तुझंच आहे की." खरंच त्याचं आहे. तीन वर्षांपूर्वी बाजारात छत्री लावून फुकट सिम देत होते, माझं आधार घरी राहिलं होतं, वाल्मिकने त्याचं दिलं आणि अंगठा लावला. वापरलं मी. म्हणजे ज्याचं त्याला मिळालं.

पुष्पा दारात उभी होती. ते गेल्यावर म्हणाली, "त्यांना कशाला दिला? हिरीत टाकायचा हुता." मी म्हणालो, चांगला चालता मोबाईल विहिरीत टाकायला मी काय येडा आहे? बायकांना घरातली वस्तू दुसऱ्याला दिलेली बघवत नाही, दुसरं काय.

दोन ट्रॅक्टर भरून माणसं गेली. मी हात केला. आज छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं.

रविवार, २ नोव्हेंबर

मोबाईल नसल्याचे फायदे लिहितो. मान दुखत नाही. पेपर पूर्ण वाचून होतो. गिऱ्हाइकाशी बोलताना त्याच्या तोंडाकडे बघतो. या बटनांच्या फोनची बॅटरी चार दिवस पुरते. फक्त त्याची रिंग फार मोठी आहे, वाजली की मी उडतो. कमी कशी करायची ते सापडत नाही.

धनश्रीचा नगरहून फोन आला. सावेडीत दिली आहे, तिथेच शाळेत शिकवते. म्हणाली, "बाबा, तुमच्या नंबरवर व्हिडिओ लावला तर कोणी बाई उचलते, आणि मागे नुसता ऊस! परीला वाटलं आजी उसात जाऊन बसली." नातीचा तो हसण्याचा आवाज ऐकू आला. तोंड दिसलं नाही. मी म्हणालो, माझे डोळे दुखतात, आता या नंबरवर बोलत जा. तर ती चिडली, "पण बाबा, मोबाईल मी दिलेला होता ना?" मी उगाचच ओरडलो तिच्यावर.

पुष्पा उद्या डोळे दाखवायला नगरला जाणार आहे. माझं बघून तिचेही दुखायला लागले वाटतं.

सोमवार, ३ नोव्हेंबर

पुष्पा सकाळच्या एसटीने गेली, संध्याकाळी आली. सोबत आठ भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून नेली होती. धनश्रीला कशाला एवढ्या, तिच्या घरी सगळे पोळ्या खातात. चष्मा केला का विचारलं तर म्हणाली, डॉक्टर नव्हता. आल्यापासून बोलत नाही. मी विचारत नाही. घरात दोघं आहोत आणि दोघांनाही डोळ्यांचा त्रास.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

आजचं आजच लिहून ठेवतो.

छबूबाई बाजरी घेऊन आली होती. ऐंशीच्या पुढे वय, गावात सगळ्यात थोर. पीठ पडेपर्यंत गप्पा मारत बसते. आज म्हणाली, "सूर्यभान, औंदा वहीवाला आला न्हाई रं?"

"कोण वहीवाला?"

"आरं भाट! आपल्या घरांच्या वंसावळ्या ज्याच्या वहीत हाएत. दर तिसऱ्या वरसाला दिवाळी झाली की येतो. पोरं किती झाली, नावं काय ठिवली, समदं लिवून नेतो. म्हातारा यायचा तांबडं पागोटं घालून, तो मेला. आता त्याचा पोरगा येतो. मागल्या खेपंला पैल्यांदाच आला, माज्याच ओसरीत बसून गेला. लई गुनाचा. गाडीवर येतो, पॅन्टीत."

जातं चालू होतं. मी पट्टा काढला. "काय झालं?" म्हणाली. मी म्हणालो, पट्टा सरकला.

मला तो म्हातारा आठवतो. आमच्या ओसरीत बैठक घालून बसायचा. मी बापाच्या मांडीवर होतो. त्याने बोरूने माझं नाव लिहिलं आणि वाचून दाखवलं, तेव्हा बापाने त्याला पायली भरून बाजरी दिली होती आणि आईने गूळ. सगळ्या भावकीला जेवण होतं त्या दिवशी. आणि त्या शुक्रवारी त्याचा पोरगा त्याच कामाला आला होता. पोरांना बापाचं, आजाचं नाव विचारत होता, कारण घरं त्याला नीट लागली नसतील. खांद्याच्या बोचक्यात वही होती. आम्ही सगळे होतो त्यात.

छबूबाई मोबाईल वापरत नाही. तिला कोणी काही सांगितलेलंही नाही. जाताना म्हणाली, "आला तर माज्याकडं धाड. पनतवाचं नाव सांगायचंय."

रविवार, ९ नोव्हेंबर

पेपरात अर्धं पान आहे. मारणाऱ्यांपैकी अकरा जण धरले. 'अफवेचा पहिला संदेश ज्या क्रमांकावरून निघाला तो पोलिसांना मिळाला असून क्रमांकाच्या मालकाचा शोध सुरू आहे.' मी ते वाक्य चार वेळा वाचलं.  गिरणीच्या मागच्या दाराला कडी आहे का, तिथून ओढ्यात किती वेळात उतरता येईल, असलं काहीतरी डोक्यात आलं. पळणार होतो म्हणजे काय करणार होतो, देव जाणे. मला ओट्यावरून उठताना गुडघा धरावा लागतो.

मग लक्षात आलं. क्रमांकाचा मालक. नंबर माझा नाही. वाल्मिकचा आहे. कागदावर वाल्मिक, आणि मोबाईलही वाल्मिकजवळ.

ही वही कोणी वाचणार नाही म्हणून लिहितो. मला हायसं वाटलं. पाच मिनिटं तरी वाटलं. मग मागच्या दारी जाऊन ओकलो.

देताना माझ्या मनात तसं काही नव्हतं. पोरीचं तोंड दिसावं म्हणून दिला. मनात तसं असतं तर मला आठवलं असतं.

दुपारी त्यांना फोन लावला. मोबाईल कॅनॉलमध्ये टाक असं सांगणार होतो. रंगुबाईने उचलला. "अण्णा! आवं, लई झ्याक दिसती पोरगी! काल पाढं म्हनून दावलं तिनं. फडातल्या समद्या बाया जमा झाल्त्या." मी म्हणालो, थंडी कशी आहे? ती म्हणाली, हाय की. मी म्हणालो, जपून राहा. ठेवला. नंतर लक्षात आलं, की आता त्या नंबरवर माझ्या नंबरचा फोन गेल्याचं कुठेतरी दिसणार. चांगलं सुचत नाही आणि वाईटही धड करता येत नाही.

बुधवार, १२ नोव्हेंबर

पोलिसांनी वाल्मिकला सोमवारीच आणलंय. कारखान्याच्या तळावरून, फडातून, कोयता हातात असताना.

वैजनाथ सांगायला आला. पोलीस पाटील म्हणून त्याला ठाण्यातून विचारणा झाली होती. गिरणीत दळणाला दोन बाया होत्या, त्या जाईपर्यंत तो भिंतीवरचं कॅलेंडर बघत उभा राहिला. मग माझ्याजवळ येऊन हळू बोलला.

"अण्णा, मी सांगितलं, नंबर कुनाचा ते मला ठावं न्हाई. गावातबी कोन बोलनार न्हाई. समद्यांनी पुढं धाडलाय, मीबी धाडलाय. एकाचं नाव निघालं तर समद्यांची निघत्याल."

"पण वाल्मिक?"

"त्याचं काय? नंबर त्याच्या नावचा, फोन त्याच्या खिशात. तो म्हनतोय अण्णानं दिला, तर त्ये हसत्यात. येवढा भारी फोन फुकट कोन देतं? तुमाला इचारलं तर तुमच्याकडं बटनांचाच हाय. समद्यांनी आपापल्या फोनमधनं तुमचा जुना नंबर काढलाय." त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुमी टायमावर बटनांचा घेतला बगा. डोकं चालवलंत."

मी म्हणालो, डोळ्यांसाठी घेतला. तो हसला. त्याला वाटतं मी मुद्दाम केलं. सगळ्या गावाला तेच वाटत असणार. दळणाला येतात, डबा ठेवतात, नजर खाली घालून जातात. मला वाटत होतं की कोणाला काही माहीत नाही.

रात्रभर झोप नाही. डोळे खरंच दुखायला लागलेत.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

सकाळी फोन वाजला, नंबर अनोळखी. उचलला नाही. परत वाजला. तिसऱ्यांदा पुष्पाने उचलला आणि माझ्या कानाला लावला. तिने हात काढला नाही.

रंगुबाई होती. कोणा बाईचा फोन मागून बोलत होती. "अण्णा, आमच्या ह्यांना ठाण्यात बसवून ठिवलंय. रोज सकाळी बोलावत्यात, दिस मावळल्यावर सोडत्यात. आमी स्टँडवर निजतो. पोलीस म्हनत्यात फोन चोरीचा हाय. तुमी येऊन येवढंच सांगा, फोन मी दिला, ह्यांनी चोरला न्हाई."

मी विचारलं, आणखी काय म्हणतात?

"कसल्या तरी फोटूचं म्हनत्यात. त्येंचा काय तरी घोळ झालाय अण्णा, आमच्या ह्यांना फोटू काढाया बी येत न्हाई. त्ये निघंल आपसूक. तुमी चोरीचं तेवढं सांगा. आमी चोर न्हाई, येवढं."

मी म्हणालो, नीट ऐकू येत नाही, रेंज नाही. आणि बंद केला. या फोनचा आवाज इतका स्वच्छ आहे की स्टँडवर गाडी लागल्याचं कंडक्टर ओरडला तेही मला ऐकू आलं.

पुष्पाने फोन माझ्या हातातून घेतला, खिडकीत ठेवला आणि बाहेर जाऊन बसली.

ती मागते ते एक वाक्य आहे. फोन मी दिला. पुढचा प्रश्न कोणीही विचारेल, मग आधी कोण वापरत होतं? तिला वाटतं ती माझ्याकडे छोटी गोष्ट मागतेय. मला तुरुंगाची भीती वाटते. सरळ लिहितो. त्या व्हिडिओतल्या माणसासारखं मला कोणी बांधेल याची त्याहून जास्त वाटते. आणि धनश्रीच्या सासरी कळेल याची. भीतीला काही क्रम नाही, सगळ्या एकदम येतात.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

दुपारी लाईट गेल्यावर पुष्पा ताट घेऊन गिरणीत आली. असं कधी येत नाही. ताट पुढे ठेवलं आणि पोत्यावर बसली.

"मी नगरला डोळं दावाय गेल्ते न्हाई," म्हणाली. "शिविलला गेल्ते. त्या मानसाला बगाय. भाकरी त्याच्यासाटी हुत्या."

मी घास हातात धरून बसलो.

"उजवा हात पलास्टरात. एक डोळा बांधल्याला. बायको भरवत हुती. मी गावाचं नाव सांगितलं तर उठून बसाय लागला. म्हनला, कुनाच्या घरच्या तुमी? मी सांगितलं. तर डोळा मिटला अन् वही न्हाई काय न्हाई, तोंडानंच म्हनाय लागला. राणोजी, राणोजीचा खंडू, खंडूला तिघं, त्यातल्या मधल्या बाबूरावाचा सूर्यभान. मग थांबला. म्हनला, सूर्यभानरावांना किती लेकरं?"

"तू काय सांगितलंस?"

"एक पोरगी. तर म्हनला, बाप लिवत न्हवता पोरींची नावं, मी लिवतो. वही त्या बाजारात फाडली, पर बरंच ध्यानात हाय. हात बरा झाला की येतो, म्हनला, पोरीचं अन् नातीचं नाव लिवतो." पुष्पाने पदर तोंडाला लावला. "तुमचं नाव त्याच्या तोंडात आलं अन् मला मेल्यावानी झालं. भाकरी ठिवल्या अन् पळत बाहेर आले."

मी विचारलं, "त्याला कळलंय का, फोटो कोणी टाकला ते?"

पुष्पाने ताट उचललं आणि घरी गेली. मी अजून जेवलो नव्हतो.

संध्याकाळी परत फोन वाजला. रंगुबाई. उद्या वाल्मिकवर केस लावून कोर्टात उभं करणार. या वेळी ती काही मागत नव्हती. फक्त सांगत होती, आणि मधेमधे थांबत होती. शेवटी म्हणाली, "तुमाला ऐकू येत नसंल, रेंज नसंल," आणि तिनेच ठेवला.

मी उद्या जाणार आहे. लिहून ठेवतो, म्हणजे सकाळी मागे फिरायची लाज वाटेल. मोबाईलचा रिकामा खोका माळ्यावर सापडला. त्यावर मोबाईलचा तो पंधरा आकडी नंबर आहे, आत धनश्रीने केलेलं बिल आहे, माझ्या नावाचं. तो पिशवीत घातला. पुष्पाने न सांगता इस्त्रीचा सदरा काढून ठेवलाय.

शनिवार, १५ नोव्हेंबर

सोमवारी दहाला परत बोलावलंय. अंगावरच्या कपड्यांशिवाय एक जोड सोबत आणा म्हणाले. म्हणजे काय ते कळलं. आत्ता दुपार आहे, लाईट नाही. झालं ते सगळं लिहितो.

एसटीतून उतरलो. पुष्पाने दंड धरला होता. रंगुबाई ठाण्याच्या फाटकाबाहेर गाठोडं घेऊन बसली होती. मला बघून उभी राहिली, तोंडभर हसली. "आलासा! मी म्हनत हुते ह्यांना, अण्णा येत्यात." मी तिच्याकडे न बघता आत गेलो.

फौजदार बाई होत्या, वयाने धनश्रीएवढ्या. मी म्हणालो, तो फोन माझा आहे. त्यांनी मान वर न करता विचारलं, कोणता? मी खोका टेबलावर ठेवला. त्यांनी खोक्यावरचा नंबर आपल्या कागदाशी जुळवला. एकदा, मग परत. मग मला बसायला सांगितलं.

"कधी दिला त्याला?"

"तीस तारखेला."

"मेसेज चोवीस तारखेचा आहे, काका." आवाज शांत होता. "चोवीसला हा फोन कोणाजवळ होता?"

दाराशी भिंतीला टेकून वाल्मिक बसलेला होता. उसाच्या पानांचे ओरखडे अजून हातावर होते. मी तोंड उघडायच्या आत तो उठून आला आणि वाकून माझे दोन्ही पाय धरले. "बाईसाहेब, ह्यांचं ऐकू नगासा. माझ्या बायकूनं फोन केला म्हनून अण्णा आल्यात. आमच्यासाटी आपल्या अंगावर घ्याय लागल्यात. त्यांनी फकस्त फोन दिला. लई मोठ्या मनाचं मानूस हाय."

फौजदार बाईंनी माझ्याकडे बघितलं. मला वाटतं त्यांनाही क्षणभर तसंच वाटलं. तिथे गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. मोठ्या मनाचा माणूस म्हणून चहा पाजून मला घरी पाठवलं असतं.

मी म्हणालो, "वाल्मिक, फोटो मी काढला. खालचं लिवलंबी मीच. त्या मानसाला मारलं ते माझ्यामुळं. मग मला भ्या वाटलं, म्हनून फोन तुमाला दिला."

तो खालीच बसलेला होता. पाय धरूनच त्याने मान वर केली. त्याला राग आला नव्हता. त्याला समजून घ्यायचं होतं.

"अण्णा, दिला तवा तुमाला ध्यानात हुतं? नंबर माझ्या नावचा हाय ते?"

या वहीत मी त्याचं उत्तर लिहून ठेवलंय, मनात तसं काही नव्हतं म्हणून. तेच देणार होतो. पण तो खालून माझ्याकडे बघत होता, आणि सिमचं त्याने विचारलं तेव्हा 'ते तुझंच आहे की' असं मी किती पटकन म्हणालो होतो, ते मला ऐकू आलं.

मी म्हणालो, "व्हय."

त्याने माझ्या पायावरचा आधी एक हात काढला. मग दुसरा काढला.